आठ इंजिनांची दुरुस्ती

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव तो मिरवायचाही. गाडी फाटकातून आत आली की बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडायला धावत. हा मात्र हात पुसत लांब उभा राहायचा, मान जराशी डावीकडे झुकवायचा आणि म्हणायचा, “तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट. उगाच सगळं खोलत बसू नका.” फारच अडलं तर हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचा आणि डोळे मिटायचा. मग जे सांगायचा ते दहापैकी नऊ वेळा खरं निघायचं. दहाव्या वेळी तो म्हणायचा, इंजिन खोटं बोलतंय.

त्या कानांचं पुढे काय झालं, त्याची ही हकिकत. ती गोड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बायको पडदे शिवायची. जिकडे पाहावं तिकडे कापडाचे ढीग, जेवायचं ताट ठेवायलासुद्धा आधी कुणाची तरी खिडकी बाजूला सारावी लागायची. मागच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि टेबलावर संगणक. हा संगणक घेतला होता लेकीसाठी, ती अकरा वर्षांची असताना. त्याच्याबरोबर एक रेसिंगचा गेम आला होता. लेकीला तो दोन आठवड्यांत कंटाळवाणा वाटला. एकदा हा तिला जेवायला हाक मारायला म्हणून आत गेला, दोन मिनिटं मागे उभा राहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ही रेसची गाडी आहे? हे तर शिवणयंत्र आहे.”

“माझ्या मशीनला नावं ठेवू नका,” बाहेरून बायको म्हणाली.

पण त्याचं म्हणणं खरं होतं. गेम होता जुन्या काळातल्या शर्यतींचा, ड्रायव्हर पट्टासुद्धा बांधत नसत त्या काळातला. गाड्या बारा, आणि बाराही किती मन लावून काढलेल्या! कुणाचं नाक लांब, कुणाचे पाइप गायीच्या शिंगांसारखे वर गेलेले. आवाज मात्र बाराही जणींना एकच. चित्र काढणाऱ्यांनी जीव ओतला होता आणि आवाजवाल्यांनी हात झटकले होते. दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. याच्या ते पचनीच पडेना.

गाडीचा आवाज गेमच्या पोटात कुठे ठेवलेला असतो, हे शोधायलाच त्याला वर्ष लागलं. कळलं ते असं: प्रत्येक गाडीला चार छोट्या फाइली. एक गाडी उभी असतानाची, एक ती पळतानाची, एक पाय उचलल्यावरची, एक गियरची. फाइल जेमतेम एका सेकंदाची. गेम तोच सेकंद पुन्हा पुन्हा वाजवतो आणि वेग वाढेल तसा ताणून बारीक करतो. म्हणजे तो सेकंद असा कापायला हवा, की त्याची शेपटी त्याच्याच तोंडाला बेमालूम चिकटेल. केसभर जरी चुकलं तरी दर सेकंदाला ‘टक’ असा आवाज येतो, आणि गाडी इंजिनावर नाही तर घड्याळावर चालल्यासारखी वाटते. लोक हा जोड पडद्यावरची रेघ पाहून लावतात. हा ऐकून लावायचा.

आता तसली इंजिनं आणायची कुठून? जगात दोन-चार उरलेली, तीही काचेमागे. मग हा जुन्या शर्यतींच्या फिल्म ऐकायचा आणि वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्यांत त्या आवाजाचे नातेवाईक शोधायचा. अग्निशमन दलाच्या पंपाचा खर्ज, एका मोटारबोटीची गुरगुर, कुण्या म्हाताऱ्याच्या जपून ठेवलेल्या गाडीचा वरचा सूर, असं एकेक जमवून त्यातून गाडी उभी करायची. माइक एका लोकरीच्या मोज्यात घालून शिडीच्या टोकाला बांधायचा आणि शिडी एक्झॉस्टजवळ धरायची. घरी बायको दुसरा मोजा हातात घेऊन विचारायची, “याचा जोडीदार परत तुमच्या सवतीकडेच गेला ना?” संगणकाला ती सवत म्हणायची. स्वतःची सवत म्हणायच्या ऐवजी ‘तुमची सवत’ का, हे त्याने एकदा विचारलं. “मला तिचं काही वाटत नाही, म्हणून,” असं उत्तर आलं.

हा गेम काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती. पण तो जिवंत ठेवणारी माणसं जगभर होती, तीनेकशे असतील. कुणी रस्त्याकडेची झाडं नव्याने लावत होता, कुणी ड्रायव्हरांची हेल्मेटं रंगवत होता. सगळ्यांची एक वेबसाइट होती आणि ती सांभाळायचा एक ग्रंथपाल. मंडळात कुणी कुणाला नावाने ओळखत नसे, धंद्याने ओळखत: ग्रंथपाल, पोस्टमन, दातांचा डॉक्टर. ग्रंथपाल माणूस मऊ, पण एका नियमाला फार कडक. ज्याचं काम त्याचं. दुसऱ्याच्या कामाला त्याच्या लेखी परवानगीवाचून कुणीही हात लावायचा नाही. चूक दिसली तर सांगायची, दुरुस्त मात्र ज्याची त्याने करायची. या नियमामुळेच मंडळ वीस वर्षं भांडणाशिवाय टिकलं होतं.

अशा मंडळात कानसेनने अकरा वर्षांत आठ गाड्यांचे आवाज केले. चौथी गाडी आली तेव्हा पोस्टमनने लिहिलं होतं, “आज टपाल उशिरा वाटलं. दोष यांचा.” वर्कशॉपमध्ये तीस वर्षांत कुणी त्याला असं काही म्हटलं नव्हतं. तिथे इंजिन नीट झालं की लोक गाडी घेऊन निघून जातात.

नववी गाडी चंदेरी होती. तिच्यावर काम करताना त्याला पहिल्यांदा जाणवलं, की आवाज काही केल्या खुलत नाहीये. बसका वाटतो. त्याने इक्वलायझर उघडला. त्यात डावीकडे खर्जाचे दांडे असतात आणि उजवीकडे बारीक, टोकदार आवाजांचे. उजवीकडचे दांडे त्याने थोडे वर सरकवले. जरा बरं वाटलं. आणखी सरकवले. हं, आता कशी बोलली! मग तुलना करावी म्हणून त्याने आपल्याच जुन्या गाड्या लावल्या. त्यासुद्धा बसक्या होत्या. आठच्या आठ. धार नाही, तेज नाही, सगळं गोधडीखालून आल्यासारखं.

“अगं, अकरा वर्षं मी हे असलं काम केलं?” तो बायकोला म्हणाला. “आणि लोक वाहवा करत होते!”

“लोकांना बरं वाटलं होतं ना? मग झालं,” ती म्हणाली.

पण याला चैन पडेना. त्याने आठही गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. रोज सकाळी वर्कशॉपला जायच्या आधी दीड तास. एकेक आवाज उघडायचा, उजवीकडचे दांडे चढवायचे, मनासारखं झालं की जुन्या फाइलीवरच नवी ठेवायची. आणि मग मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. ती वर्कशॉपची सवय: नवा पार्ट बसला की जुना भंगारात, नाहीतर कुणीतरी तोच परत बसवतो. सात महिन्यांत आठ जुन्या आणि एक नवी, अशा नऊ गाड्या त्याने वेबसाइटवर चढवल्या. जुने संच काढून टाकायला सांगितलं. त्याचंच काम, त्याचाच हुकूम, ग्रंथपालाने काढले.

तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. त्याच्या आलं नाही.

पोस्टमन पहिला बोलला. त्याने लिहिलं, “किंचाळतेय. दुसऱ्या वळणाला हेडफोन काढून ठेवावे लागले.” दातांच्या डॉक्टरने लिहिलं, “माझ्या खुर्चीतल्या पेशंटला काय वाटतं ते आज कळलं.” हे वाचून कानसेनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने उत्तर दिलं, “तीस वर्षं इंजिनं ऐकतोय. तुमचे स्पीकर बदला.” ग्रंथपालाने हळूच विचारलं, “वरचा भाग किंचित जास्त झालाय का? एकदा पाहाल?” त्यालाही हेच उत्तर गेलं, फक्त ‘साहेब’ जोडून.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. हळूहळू दोन-चार जणांनी “छान झालंय” असंही लिहिलं. कानसेनला वाटलं, पटलं शेवटी. तो दहाव्या गाडीला लागला.

एका रविवारी दुपारी लेक आली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ती एका शाळेच्या कार्यालयात कामाला होती. आईशी बोलून झाल्यावर ती आत आली, तेव्हा हा स्पीकरवर गाडी चालवत होता. ती दारातच थांबली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“बाबा! बंद करा आधी ते!”

“का? लाल गाडी आहे. तुझी आवडती.”

“ही ती नाहीये. ही शिट्टी कसली वाजतेय?”

“कसली शिट्टी?”

लेकीने आईकडे पाहिलं. आई दारात येऊन उभी राहिली होती, तोंडात टाचण्या धरून. तिने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, “मी दार लावूनच बसते गं. वाटलं, नवीन पद्धत असेल.”

“तुम्हा दोघींना काय कळतंय त्यातलं,” तो म्हणाला आणि त्याने आवाज कमी केला. पण त्या दिवशी पुन्हा लावला नाही.

नंतर दहा-बारा दिवसांत बेकरीची पावाची गाडी परत आली. कानसेननेच ऐकून ती ठीक असल्याचं सांगितलं होतं. पंख्याच्या पुलीचं बेअरिंग आधीपासून रडत होतं. ते रस्त्यात जाम झालं, बेल्ट तुटला, इंजिन तापून हेड वाकलं. बेकरीवाला म्हणाला, “अहो, मला पाव भाजता येतात, इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण ती किरकिर मलासुद्धा ऐकू येत होती. मी म्हटलं, कानसेन ठीक म्हणतायत म्हणजे ठीकच असेल.”

मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मालक चांगला माणूस होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

“वर्षभरातली ही तिसरी,” मालक म्हणाला. “पहिल्या दोन वेल्डरने पकडल्या, तुम्हाला कळू दिलं नाही. कान तपासून घ्या. तोवर स्टोअरच्या काउंटरवर बसा.”

“माझे कान?” कानसेन हसला. त्या हसण्यात काही दम नव्हता.

लेक त्याला तपासणीला घेऊन गेली. काचेची लहानशी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आली की बटण दाबायचं. सुरुवातीचे आवाज जाड होते, हा पटापट दाबत गेला. मग बराच वेळ काही आलंच नाही. काचेपलीकडची तपासणारी बाई मात्र एकेक कळ दाबत होती आणि कागदावर खुणा करत होती.

“मशीन मध्येच बंद पडतं का तुमचं?” त्याने बाहेर आल्यावर विचारलं.

“नाही काका, चालूच होतं,” ती म्हणाली. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि समजावलं. बारीक, तीव्र आवाज ऐकणाऱ्या पेशी दोन्ही कानांत मेल्या आहेत. वर्कशॉपचा गोंगाट आणि वरून हेडफोन. हे गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं तर बोलणं स्पष्ट कळेल. “पण इंजिनांपासून लांब राहा, हेडफोन पूर्ण बंद. नाहीतर उरलंय तेही जाईल. कानात बोळे घालत नव्हता का कधी?”

कानात बोळे घालून कानसेन कसं होणार, हे त्या बाईला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

घरी येऊन तो मागच्या खोलीत बसला. तपासणीचा आलेख हातात होता. डावीकडे खर्ज, उजवीकडे बारीक आवाज. रेघ डावीकडे वर, सपाट, आणि मध्यापासून उजवीकडे घसरत घसरत पार खाली. लेक आईला सगळं सांगत होती, तो त्या रेघेकडे पाहत होता. ही रेघ आपण कुठेतरी पाहिली आहे असं त्याला वाटत राहिलं. मग त्याने संगणक सुरू केला आणि दुरुस्तीसाठी बनवलेला इक्वलायझर उघडला. दांड्यांची टोकं डावीकडे सपाट होती आणि मध्यापासून उजवीकडे चढत चढत पार वर गेली होती. त्याने कागद खालची बाजू वर करून पालथा केला आणि खिडकीच्या काचेवर उजेडात धरला. मागून दिसणारी रेघ आता चढत होती. त्याने कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. दोन्ही एकच होतं. चढ तिथूनच सुरू होत होता, खाच होती तिथेच खाच होती.

ज्या मापाने कान मेला होता, त्याच मापाने त्याने आवाज चढवला होता. सात महिने तो इंजिनं दुरुस्त करत नव्हता. स्वतःच्या बहिरेपणाचा साचा काढून तो एकेका गाडीवर ठोकत होता, आणि कान इतका तयार, की साचा तंतोतंत उतरला होता. त्याला रडू आलं नाही. फक्त इतकी लाज वाटली की लेकीने खांद्यावर हात ठेवला तो त्याने बाजूला केला.

मग हिशेबी माणसासारखा त्याने विचार केला: जितकं चढवलं तितकं उतरवायचं. कान नको, आकडे पुरेत. पुढच्या रविवारी लेकीला शेजारी बसवून त्याने एक गाडी उघडली. पडद्यावर आवाजाची रेघ आली, आणि तिचे सगळे शेंडे कात्रीने छाटल्यासारखे सपाट होते. इतकं चढवलं होतं की वरचा भाग फाइलीत मावलाच नव्हता. फाइल बनतानाच तो कापला गेला होता. कापलेलं उतरवता येत नाही. मूळ रेकॉर्डिंगं त्याने स्वतःच्या हाताने पुसली होती.

“कुणाकडे तरी जुन्या फाइली असतील बाबा,” लेक म्हणाली. “विचारा तरी.”

त्याला विचारायचं नव्हतं. तरी शेवटी त्याने ग्रंथपालाला लिहिलं: “माझ्या आठ गाड्यांचे जुने आवाज कुणी ठेवलेत का? माझे कान गेलेत. नव्या फाइलींत चूक आहे, ती मला ऐकू येत नव्हती.”

दहा मिनिटांत उत्तर आलं. “सगळे आहेत. मंडळात सगळे तेच वापरतात, आठ महिने झाले. तुमच्या परवानगीशिवाय पानावर परत ठेवता येत नव्हते, आणि परवानगी कशी मागायची ते कुणाला सुचत नव्हतं. म्हणून छान झालंय म्हणत राहिलो. माफ करा.”

कानसेनने ते एकदा वाचलं. तीनशे माणसं आठ महिने त्याला लहान मुलासारखं सांभाळत होती, आणि तो तिकडे दहाव्या गाडीचे दांडे चढवत होता.

ग्रंथपालाने फाइली पाठवल्या. लेकीने लाल गाडीचा जुना आवाज बसवला आणि गाडी तिनेच सुरू केली. तिला अजून चालवता येत होती. इंजिन सुरू झालं. कानसेन पुढे वाकला, मान डावीकडे झुकवली. लांब कुठेतरी, जाड भिंतीपलीकडे, काहीतरी घुमत होतं.

“खरं सांग,” तो म्हणाला. “बरोबर आहे का?”

“बरोबर आहे बाबा,” ती म्हणाली. “अगदी तीच आहे. इतकी छान आहे.”

त्याने मान हलवली. तिने पूर्ण फेरी मारेपर्यंत तो ऐकत राहिला. आपण केलेलं सगळ्यात चांगलं काम समोर वाजत होतं आणि ते त्याला गोधडीखालचं वाटत होतं. आता जन्मभर तसंच वाटणार होतं. यंत्र लावलं तरी त्यात बायकोचं बोलणं येणार होतं, लाल गाडी नाही.

मग त्याने लेकीला खुर्चीवरून उठवलं आणि परवानगी लिहिली. “माझे आठ नवे संच काढून टाका, जुने परत ठेवा. नववा पूर्ण काढा, त्याचं मूळ कुणाकडेच नाही. दहावी, अकरावी, बारावी माझ्याकडून होणार नाहीत. यापुढे माझ्या कोणत्याही आवाजाला ज्याला हात लावायचा असेल त्याने लावावा, मला विचारायची गरज नाही.” शेवटचं वाक्य लिहिताना तो थांबला. लेक म्हणाली, “तेवढं राहू द्या ना.” त्याने राहू दिलं नाही.

आठही संच पाच मिनिटांत पानावर आले. खाली लोक लिहू लागले. आठ महिने गप्प बसलेली माणसं एकदम बोलायला लागली होती. पोस्टमनने लिहिलं, “तिसऱ्या गियरला पाइप जो खोकतो ना, ते ऐकून अंगावर काटा आला.” डॉक्टरने लिहिलं, “पाय उचलल्यावर मागे बारीकसा सूर राहतो, तो यांनी कुठून आणला देव जाणे.”

तो सूर म्हाताऱ्याच्या गाडीचा होता. कानसेनला तो कुठून आणला ते आठवत होतं, मोजा कोणत्या रंगाचा होता तेही आठवत होतं. सूर कसा होता तेवढं आठवेना. त्याने चष्मा पुसला आणि डॉक्टरचं वाक्य परत वाचलं. आपली इंजिनं कशी वाजतात हे आता त्याला असं वाचूनच कळणार होतं.